दोनशे चौदा नंबर कोपरीला वाजतो

मी निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "ताई, तू कंपनीत नक्की काय काम करायचीस गं?" चौतीस वर्षं हा माणूस माझ्या ओळखीवर कंपनीच्या लँडलाइनवरून फुकट एसटीडी करत आलेला. पण चांगल्या दिवशी भांडण नको म्हणून मी त्याला दुसरा पेढा दिला. त्याला तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता इथे लिहून टाकते.

वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत मी फोन सांभाळले. सुरुवातीला खरे फोन होते. काळे, जड, डोक्यात घातले तर माणूस आडवा व्हावा असे. शेवटी शेवटी जे सांभाळले ते कुठेच नव्हते. म्हणजे टेबलावर वस्तू म्हणून नव्हते. पूर्वी एक्स्टेन्शन म्हणजे एक वायर, तिच्या टोकाला एक डबा आणि डब्यासमोर एक माणूस. आता एक्स्टेन्शन म्हणजे नुसती परवानगी. माणसाच्या मोबाइलमध्ये कंपनीचं अॅप टाकायचं, त्याला नाव, पासवर्ड आणि दर सकाळी येणारा एक कोड द्यायचा, की त्याचा ऑफिसचा नंबर जगात कुठेही वाजतो. नाशिकच्या गिऱ्हाइकाने ऑफिसला फोन लावावा आणि तो डोंबिवलीतल्या ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी वाजावा. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. तोच फोन, तीच मीटिंग, तेच मेसेज, आणि नावापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे माणूस जागेवर आहे, पिवळा म्हणजे उठून गेलाय, लाल म्हणजे बोलतोय, राखाडी म्हणजे नाहीच.

या परवानग्या द्यायच्या आणि वेळ आली की काढून घ्यायच्या, एवढंच माझं काम. देताना सगळे गोड बोलतात. काढून घ्या म्हणून मात्र एकही माणूस कधी माझ्याकडे आला नाही, आणि या लेखातला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

टाळेबंदी लागली तेव्हा मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "वसुधाताई, सोमवारपासून सगळे घरून. फोन बंद पडला नाही पाहिजे." हे त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं. दोन दिवसांत मी ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण असं सगळं ऑफिस लोकांच्या घराघरांत नेऊन ठेवलं. त्या काळात मी जी माणसं पाहिली ती समोरासमोर असताना मला कधीच दिसली नव्हती.

आमच्या सेल्समधल्या पेंडसे साहेबांचंच बघा. साहेबांना सारखं हिरवं दिसायचं असायचं, कारण मोठे साहेब ठिपके बघत बसत. माउस हलला की ठिपका हिरवा राहतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं. घरात नातू झालेला. त्यांनी माउस पाळण्याच्या दोरीला बांधला. पाळणा हलला की साहेब हिरवे, बाळ जागं होऊन उचललं की साहेब पिवळे. महिनाभरात अख्ख्या सेल्सला बाळाच्या झोपेच्या वेळा पाठ झाल्या. दुपारी तीनला पेंडसे पिवळे झाले की लोक म्हणायचे, "उठलं वाटतं."

कल्याणच्या खडकपाड्यातल्या कुलकर्णींचा प्रकार आणखी निराळा. सकाळी आत येण्यासाठी जो कोड यायचा, तो त्यांनी बायकोच्या नंबरवर ठेवला होता, कारण त्यांचा स्वतःचा मोबाइल सारखा हरवायचा. ज्या दिवशी घरात धुसफूस असेल त्या दिवशी बाई कोड सांगायच्या नाहीत. मग साडेनऊला मला कुलकर्णींचा फोन, "सर्व्हर डाउन आहे." पहिल्या दोन वेळेला मी खरंच सर्व्हर तपासला. तिसऱ्या वेळेला विचारलं, "काय झालं कुलकर्णी?" ते हळूच म्हणाले, "काल तिच्या बहिणीबद्दल बोललो." शेवटी मीच वहिनींना फोन करून समजूत काढायला लागले. माझ्या नोकरीच्या कामांच्या यादीत हे कुठेही लिहिलेलं नाही.

आणि दसरा. आमच्याकडे खंडेनवमीला लेथपासून टायपिंगच्या मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. फोनलासुद्धा. घरून काम चालू असताना कंपनीतून पत्रक निघालं की पूजेची प्रथा मोडू नये, प्रत्येकाने आपापल्या यंत्राची पूजा घरीच करावी. लोकांनी मनापासून केली. मोबाइलच्या वरच्या मधोमध, जिथे देवाला लावतात तिथेच कुंकू लावलं, आणि नेमका तिथेच कॅमेरा असतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्या मीटिंगला अख्खी कंपनी लालभडक. एकालाही पुसायचा धीर होईना, कारण पुसणं अशुभ. मी पत्रक काढलं की ओल्या फडक्याने आदरपूर्वक पुसावे.

आता मूळ गोष्टीकडे येते. भोईरमामा आमचे स्टोअर्सचे इन्चार्ज. ठाणे पूर्वेच्या कोपरीचे मूळचे रहिवासी. वडील मिठागरावर होते, शेती होती, आता जमिनीवर इमारत आणि इमारतीत मामांचे भाऊबंद. मामांचं एक्स्टेन्शन दोनशे चौदा. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या रॅकवर कितव्या फळीला आहे हे मामांच्या डोक्यात होतं आणि फक्त डोक्यातच होतं. दोनशे चौदा लावायचा, वस्तूचं नाव सांगायचं, मामा जागा सांगणार. मग स्टोअर्सच्या खिडकीवर जाऊन तेच म्हणायचं की माल हातात.

टाळेबंदीतच मामा निवृत्त झाले. निरोप समारंभ व्हिडिओवर झाला. शाल आणि श्रीफळ कुरिअरने आधीच घरी पाठवलेलं. साहेबांनी "आता स्वीकार करावा" म्हटल्यावर मामांनी नारळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, आणि सगळी भाषणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. चाळीस मिनिटं आम्ही एका नारळाला निरोप दिला. जे उशिरा आले त्यांना चौकोनात नारळ दिसला आणि कुणाच्या तरी घरी पूजा आहे असं वाटलं. अर्ध्या कंपनीला मामा निवृत्त झाल्याचं कळलं नाही, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

नोकरी सोडणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो. सेफ्टी बूट परत, लॉकरची किल्ली परत, ओळखपत्र परत, आणि एका रकान्यात 'टेलिफोन', त्यापुढे माझी सही. मामांनी टेबलावरचा फोन वॉचमनच्या हाती पिशवीत घालून माझ्याकडे पाठवला. मी पिशवी उघडली. डब्यावर जुनं, वाळलेलं कुंकू, बटणांच्या फटीत झेंडूची पाकळी. मला भरून आलं. मी फोन कपाटात ठेवला आणि 'परत मिळाला' म्हणून सही केली.

ज्या बाईने दोन दिवसांत तीनशे फोन डब्यातून काढून लोकांच्या खिशात घातले, तिने डबा परत आला म्हणजे फोन परत आला असं समजावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मामांचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तसाच होता.

दोन वर्षं गेली. निम्मे लोक ऑफिसला यायला लागले, निम्मे घरून. मग आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. त्यांची ड्रॉइंग्ज आमच्या सिस्टीमवर असतात, तेव्हा बाहेरून आमच्या फोन-मीटिंगच्या यंत्रणेत कोण कोण येऊ शकतं याची यादी द्या. यादीतला प्रत्येक माणूस आज कंपनीच्या नोकरीत आहे असं लेखी द्या. शुक्रवारी अकरा वाजता त्यांचा माणूस व्हिडिओवर येऊन एकेकाचा चेहरा तपासणार. एकही परका सापडला तर काम बंद. खाली सही माझी.

मंगळवारी मी यादी काढून बसले. दोनशे चौदा, भोईर, ठिकाण ठाणे पूर्व, शेवटचा वापर अकरा मिनिटांपूर्वी.

मला वाटलं यंत्राची चूक आहे. मी कॉलची नोंद उघडली. मोठ्या साहेबांपेक्षा जास्त फोन दोनशे चौदाला येत होते. रोज, सकाळी साडेआठपासून. सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगला दोनशे चौदा हजर, कारण स्टोअर्सचं आमंत्रण अजून त्याच नंबराला जात होतं. मी स्वतः त्या मीटिंगमध्ये असायचे. कॅमेरा बंद करून बसलेल्या दहा-बारा काळ्या चौकोनांतला एक मामांचा होता, आणि मधून मधून "गॅस्केट संपत आलंय, मागवा" असा आवाज यायचा तो मी दोन वर्षं ऐकत होते. चोवीस तास माणसांची नावं बघणाऱ्या बाईला तो आवाज निवृत्त माणसाचा आहे हे सुचलं नाही.

एक बटण दाबलं की दोनशे चौदा बंद झाला असता. मी बाण बटणावर नेला आणि मागे घेतला. मोठ्या माणसाचा फोन असा न सांगता तोडायचा हे मला जमेना. मनात म्हटलं, समोर जाऊन सांगू. खरं तर मला माझ्या सहीची लाज वाटत होती आणि एक दिवस पुढे ढकलायचा होता.

बुधवारी दुपारी मी कोपरीला गेले. दार उघडंच होतं. मामांची बायको, हिराबाय, मांदेली साफ करत बसलेली. खिडकीच्या गजाला सुतळीने मोबाइल टांगलेला, कारण रेंज तिथेच. मी चप्पल काढतेय तोवर तो वाजला. मामा अंघोळीला गेलेले. हिराबायने कोपराने बटण दाबलं.

"इश्टोर, बोला."

पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं.

"सव्वा इंची ग्लोब ना? तिसरा रॅक, खालशी दुसरी फली. किती होवेत? चार? ने." तिने परत कोपराने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बस गो बाय. जेवूनच जा."

मी बसले. ग्लोब व्हॉल्व्ह कधी डोळ्यांनी न पाहिलेली ही बाई माल सोडत होती. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं माहीत कुठं काय आहे?"

"दोन वरसां ऐकतंय नं," ती म्हणाली. "सगला पाट झायला."

मामा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. मला बघून इतके खूश झाले की माझा धीर अर्धा तिथेच गेला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही रिटायर झालात ना?"

"झायलू की. शाल हाय नं कपाटान."

"मग अजून फोन घेता?"

"वाजला तं उचलाचा, बाय. मी काय मुद्दाम वाजवतंय काय?"

मांदेली तळून झाली, भाकरी आली. जेवता जेवता पाच फोन आले. मामा प्रत्येकाला नाव घेऊन बोलत होते, एकाला मुलाच्या बारावीचं विचारलं, एकाने दोन नग मागितले तर आज एकच ने, दुसरा उद्या, म्हणाले. एकदाही चिडला नाही हा माणूस. मी चौतीस वर्षांत कुणाला इतक्या आनंदात काम करताना बघितलं नव्हतं. सांगायला आलेलं न सांगता मी मांदेलीचा डबा घेऊन परत आले.

वाटेत मी एक युक्ती काढली. नंबर बंद नको करायला. दोनशे चौदा नव्या इन्चार्जच्या नावावर करून टाकू, म्हणजे लोक तोच नंबर लावतील, फोन तिला जाईल, मामांच्या मोबाइलवर आपोआप वाजायचा थांबेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. स्वतःवर खूश होत मी गुरुवारी सकाळी स्टोअर्समध्ये गेले.

नवी इन्चार्ज म्हणजे प्राची साळवे. डोंबिवलीजवळच्या कोपरला राहते, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, आधी भिवंडीच्या गोदामात पाच वर्षं. मामांच्या जागेवर ती आली होती, एक्स्टेन्शन दोनशे एकतीस. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि खाली ठेवला.

"ताई, दोन वर्षं मी रोज सकाळी हे करते. फोन चालू आहे की बंद ते बघते. मला वाटायचं, माझ्याशी बोलायला लोकांना आवडत नाही. म्हणून फोन करत नाहीत. थेट खिडकीवर येतात आणि मलाच सांगतात, माल कुठं ठेवलाय."

प्राचीने रिसीव्हर पुन्हा नीट बसवला.

"मला वाटलं मीच कुठं कमी पडतेय. दोनदा राजीनामा टाइप केलेला. घरी आईला सांगितलं, भिवंडीला परत जाते."

मी मामांच्या म्हातारपणाचा विचार करत होते, त्यांच्या मांदेलीचा विचार करत होते, आणि ही पोर दोन वर्षं न वाजणाऱ्या फोनसमोर बसून स्वतःला दोष देत होती. ही सगळी माझ्या एका सहीची करामत.

मी घाईघाईने म्हटलं, "मी दोनशे चौदा तुझ्या नावावर करते."

"नको," ती म्हणाली. "मामांचा नंबर मला नको. माझा नंबर दोनशे एकतीस आहे. दोनशे चौदा बंद करा. पण त्याआधी मामांना एकदा माझ्या नंबरवर फोन करायला सांगा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

मला वाटलं आता ही त्यांना फाडून खाणार. तिचा हक्कच होता.

दुपारी मी पुन्हा कोपरीला. या वेळी लॅपटॉप घेऊन, आणि जेवायला बसणार नाही असं दारातूनच सांगून. मामांना सरळ सांगितलं की उद्या तपासणी आहे, तुमचा नंबर राहिला तर कंपनीचं काम जाईल, आणि चूक तुमची नाही, माझी आहे. मामा खाटेवर बसले. हिराबाय भाजी निवडता निवडता त्यांच्याकडे बघत राहिली.

"बंद कर नं मग," मामा म्हणाले. "मना कनाला इचारतंस?" पण नजर गजाला टांगलेल्या मोबाइलवर होती.

"आधी एक फोन करा. दोनशे एकतीसला. तुमच्या जागी जी आहे तिला."

"माज्या जागी कोन हाय?" त्यांनी खरंच विचारलं. मामांना इतकंच माहीत होतं की खिडकीत एक मुलगी बसते आणि माल काढून देते.

त्यांनी सुतळीवरून मोबाइल सोडला, स्पीकर लावला आणि नंबर दाबला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"स्टोअर्स. प्राची साळवे बोलतेय."

"मी भोईर. कोपरीवरना."

"बोला मामा."

मामांनी घसा साफ केला. परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "सव्वा इंची ग्लोब कंच्या रॅकला हाय?"

"सातव्या. वरून दुसरी फळी."

मामांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सापडली, असं त्यांच्या तोंडावर होतं. "तिसऱ्यान नाय काय?"

"तिसरा रॅक मागच्या मार्चमध्ये काढला, मामा. मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. माल गंजायला लागलेला."

"तिसरा रॅकच नाय?"

"नाही. तिथं आता माझं टेबल आहे."

हिराबाय भाजी निवडायची थांबली. मामांनी मोबाइल कानाजवळ आणला. मग म्हणाले, "मंग एवढे दीस मी लोकांना तुज्या टेबलावर पाठवतंय काय?"

"हो. ते येऊन म्हणायचे, तिसरा रॅक, खालून दुसरी. मी उठायचे आणि सातव्यातून आणून द्यायचे. सगळेच रॅक बदललेत. कॉम्प्युटरवर आहे सगळं."

"मना कोनी बोलला कसा नाय?"

"त्यांना कळलंच नाही. माल मिळत होता ना."

"तू तरी सांगाचास."

"मला फोनच नाही आला, मामा," प्राची म्हणाली. ती रागाने नाही म्हणाली. नुसतं सांगितलं, आणि ते जास्त लागलं. मलाही आणि मामांनाही.

मामांनी मोबाइल मांडीवर ठेवला. मग पुन्हा तोंडाजवळ नेला. "पानी झिरपतंय ती भिंत. मी बारा वरसां सांगत होतो साहेबाला. रॅक हलवलास तां बरा केलास." आणि मग माझ्याकडे बघून, "बंद कर, बाय."

मी लॅपटॉप खाटेवर ठेवून बंद केला. हिरवा ठिपका राखाडी झाला. हिराबाय म्हणाली, "मंग आता इश्टोरचा फोन आयला तं कोन घेल?"

"जिचा हाय ती घेल," मामा म्हणाले. उठले, आणि सवयीने मोबाइल परत सुतळीला बांधला.

शुक्रवारची तपासणी सुरळीत झाली म्हणायची. गिऱ्हाइकाचा माणूस एकेकाला चेहरा दाखवायला सांगत होता. नातू कधीच चालायला लागला होता, तरी पेंडसे साहेबांच्या मागे रिकामा पाळणा हलत होता. कुलकर्णींच्या जागी आधी त्यांच्या बायकोच आल्या, कोड सांगायला, आणि तपासनिसाने त्यांनाच कुलकर्णी समजून नोंद करायला घेतली. मी मध्ये पडले. दोनशे चौदा रिकामा आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि सही केली. ही सही मात्र खरी होती.

स्टोअर्सचा नंबर दोनशे एकतीस असं पत्रक मी सगळ्यांना धाडलं, आणि पुढचा आठवडाभर तो वाजायचा थांबेना. लोक फोन उचलल्या उचलल्या "मामा?" म्हणायचे आणि प्राची म्हणायची, "नाही, प्राची. काय हवंय?" राजीनाम्याचं तिने पुन्हा काढलं नाही. मामा आता दर शनिवारी कंपनीच्या मुख्य नंबरवर, चारचौघांसारखे, बाहेरून फोन करतात आणि स्टोअर्स मागतात. मला एकदा म्हणाले, "होल्डवर लय भिकार गाना लावलाय, बाय. दोन वरसांन मना ठावच नव्हता."

मी हे सगळं हसून सांगत असते. पण प्राचीने रिसीव्हर कानाला लावून खाली ठेवला ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चांगुलपणाच्या नावाखाली मी एक काम टाळलं, आणि त्याचा भुर्दंड जिने माझं काही वाकडं केलं नव्हतं तिने भरला. तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो ताई." तिने सोडून दिलं, मला अजून सोडता आलेलं नाही.

आठ महिन्यांनी माझी पाळी आली. शेवटच्या दिवशी मी शहाणपणाने स्वतःचा नंबर बंद करायला बसले. यंत्रणेने सांगितलं, स्वतःला काढता येणार नाही, दुसऱ्या अधिकाऱ्याला सांगा. दुसरा अधिकारी म्हणजे माझ्या जागी येणारा चेतन, तो सोमवारी रुजू होणार. इकडे फॉर्म पाचच्या आत द्यायचा. टेलिफोनच्या रकान्यात सही करणारी कंपनीत मी एकटीच. मी माझ्याच नावापुढे 'परत मिळाला' म्हणून सही केली आणि चेतनसाठी चिठ्ठी ठेवली. ती चिठ्ठी बहुधा पेढ्यांच्या बॉक्सबरोबर गेली.

महिनाभराने मी डोंबिवलीत घरी पडवळ चिरत होते आणि मोबाइल वाजला. कंपनीचं अॅप. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पडवळ तसंच टाकून, हात न पुसता उचलला. परचेसमधली एक मुलगी होती.

"ताई, घरून लागत नाहीये."

"वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघा आहेत बघ, तिथं जा आणि..."

"ताई, त्या रेघा आता नाहीत तिथं. मागच्या आठवड्यात बदललं सगळं."

मी सुरी खाली ठेवली. तिला चेतनचा नंबर दिला आणि मग त्याच अॅपवरून स्वतः चेतनला लावला.

"चेतन, माझा नंबर अजून चालू आहे. बंद कर."

तो कागद चाळत होता ते ऐकू येत होतं. "नाही ताई, बंद आहे. फॉर्मवर तुमचीच सही आहे."

"अरे, मग मी तुझ्याशी कुठून बोलतेय?"

पलीकडे कीबोर्डची खटखट ऐकू आली. "थांबा ताई, बघून तुम्हाला फोन करतो," म्हणाला, आणि पाच मिनिटांनी माझ्या त्याच एक्स्टेन्शनवर त्याने फोन केला. वाजला, म्हणून मी उचलला.

"सापडलं, ताई. करू बंद?"

तोंडाशी हो आलं होतं, पण निघेना. मी विचारलं, "माझ्या खिडकीजवळच्या कपाटापाशी आता काय आहे रे?"

"कपाट हलवलं, ताई. तिथं माझं टेबल आहे."

"मग कर," मी म्हटलं.